कढईतली भट्टी, ज्वारीची नानकटाई

बीड जिल्ह्यातल्या केजच्या घरांत दुपारचा चहा उकळायला लागला की डब्यातून टोस्ट निघतो, खारी निघते, नाहीतर बिस्किटाचा पुडा फुटतो. पाहुणे आले तर बेकरीतून केक येतो. सगळे विकतचे. घरीच केक करू म्हटले की पहिला प्रश्न ओव्हनचा येतो. तो बहुतेकांकडे नसतो, आणि असला तरी ऐन वेळी वीज जाण्याची धास्ती असते. त्यावर मैदा, लोणी, अंडी, इसेन्स अशी यादी ऐकली की बेत तिथेच राहतो.

खरे तर चहाबरोबरचा साधा केक आणि खुसखुशीत नानकटाई करायला लागणारे जवळजवळ सगळे आपल्या घरात असतेच: ज्वारीचे पीठ, रवा, गूळ, दही, तूप, जाड बुडाची कढई आणि मंद आच ओळखणारा हात. उणीव असते ती कारणांच्या माहितीची. दही का घालायचे, तूप का फेसायचे, झाकण का उघडायचे नाही, हे एकदा कळले की कृती पाठ करावी लागत नाही. घरात जे आहे त्यातून पदार्थ जुळवता येतो.

भाजणे आपल्याला नवे नाही

बंद उष्णतेत पीठ भाजण्याची कला मराठवाड्याला कोणी बाहेरून येऊन शिकवलेली नाही. मार्गशीर्षातल्या चंपाषष्ठीला खंडोबाला वांग्याचे भरीत आणि रोडगा यांचा नैवेद्य दाखवतात. रोडग्याचा जाड गोळा गोवऱ्यांच्या आरात पुरून भाजला जातो. चारी बाजूंनी सारखी धग लागते, बाहेर कडक कवच धरते आणि आतले पीठ स्वतःच्या वाफेत शिजते. कोकणात काकडीचे धोंडस करताना पातेल्याखाली निखारे असतात आणि झाकणावरही निखारे ठेवतात. ओव्हन जे करतो ते हेच.

गोड बिस्किटांची परंपरा मात्र बंदरांतून आणि राजधान्यांतून आली. नानकटाईचे मूळ सुरतेत सांगितले जाते. तिथल्या डच वखारीच्या भट्ट्या पुढे पारशी कारागिरांच्या हाती आल्या आणि स्थानिक चवीची ही बिस्किटे तयार झाली, अशी तिची कथा आहे. पुण्यात १९५५ साली सुरू झालेल्या कयानी बेकरीने श्रूजबेरी बिस्किटे घराघरांत नेली. बीड जिल्हा १९४८ पर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता, आणि त्या हैदराबादेत शेवटचे निजाम मीर उस्मान अली खान यांच्या नावाची उस्मानिया बिस्किटे आजही चहाबरोबर खाल्ली जातात. गोडासोबत किंचित खारट चव हे त्यांचे वैशिष्ट्य. ती चिमूटभर मिठाची युक्ती आपण घरच्या नानकटाईतही उचलावी.

महाराष्ट्रातल्या अनेक गावांत आणखी एक रीत होती आणि काही ठिकाणी ती अजून आहे. दिवाळीत किंवा उन्हाळ्याच्या सुटीत रवा, मैदा, तूप आणि साखर घेऊन बेकरीत जायचे आणि भट्टीत नानकटाई भाजून डबा भरून आणायचा. जिन्नस घरचे आणि भट्टी बेकरीची, अशी ती वाटणी होती. आता भट्टीही घरी आणता येते.

कढईची भट्टी कशी चालते

ओव्हनमध्ये उष्णता तीन वाटांनी पदार्थापर्यंत पोहोचते. तापलेल्या ताटलीतून ती थेट बुडाला लागते, गरम हवा पदार्थाभोवती खेळते आणि तापलेल्या भिंतींतून ती किरणांच्या रूपाने येते. जाड कढईत या तिन्ही गोष्टी जमवता येतात.

कढईच्या तळाशी वाटीभर जाडे मीठ पसरावे. मीठ हळू तापते आणि धरलेली उष्णता सावकाश सोडते, त्यामुळे गॅसची ज्योत थोडी कमीजास्त झाली तरी आतले तापमान एकदम बदलत नाही. मिठावर कुकरची जाळी किंवा बुटका स्टँड ठेवावा. केकचे भांडे थेट मिठावर ठेवले तर बूड जळते आणि मधला भाग कच्चा राहतो. वर घट्ट बसणारे जड झाकण ठेवून मध्यम आचेवर १० मिनिटे कढई तापवावी. भांडे आत ठेवल्यावर आच अगदी मंद करावी. हे मीठ स्वयंपाकात वापरू नये. डब्यात वेगळे भरून ठेवले तर भाजण्यासाठी पुन्हा पुन्हा चालते.

कुकर वापरायचा असेल तर शिट्टी आणि झाकणाची रबरी रिंग दोन्ही काढून ठेवावीत. पाण्याशिवाय तापणाऱ्या कुकरमध्ये दाब साठू देणे धोक्याचे आहे. कोरडी उष्णता कुकरला मानवत नाही, म्हणून रोजच्या स्वयंपाकातून निवृत्त झालेला जुना कुकर यासाठी बरा. नॉनस्टिक कढई रिकामी तापवू नये. फार तापली की तिच्या लेपातून घातक धूर निघतो.

कढईची एक मर्यादा लक्षात ठेवावी: वरून धग नसते. १९१२ साली लुई कामीय मायार या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाने दाखवले की साखर आणि प्रथिनांचे घटक एकत्र तापले की तपकिरी रंग आणि खमंग गंध तयार होतो. भाकरीवरचे डाग, भाजलेल्या शेंगदाण्याचा वास आणि केकची तांबूस कड यांमागे हीच क्रिया असते. तिला कोरडी, बरीच जास्त उष्णता लागते. कढईतल्या केकचा माथा ओलसर राहतो, म्हणून तो फिकट दिसतो. फिकट म्हणजे कच्चा नव्हे. केक झाला की नाही ते रंगावरून ठरवू नये. मधोमध सुरी किंवा विणायची सुई खुपसावी. ती कोरडी बाहेर आली, कडा भांड्यापासून सुटल्या आणि माथा दाबल्यावर परत वर आला, की गॅस बंद करावा.

पहिली २५ मिनिटे झाकण उघडू नये. तोवर केकच्या आत वायूचे बुडबुडे फुगलेले असतात, पण त्यांच्या भोवतीचे पीठ पक्के झालेले नसते. गार हवा शिरली की बुडबुडे आकसतात आणि केक मधे बसतो. एकदा पिठातला स्टार्च शिजून घट्ट झाला की मग भीती नाही.

सोडा, दही आणि फाटणारा चहा

केक फुगतो तो कार्बन डायऑक्साइड वायूमुळे. खाण्याच्या सोड्याला आंबट काही मिळाले की हा वायू सुटतो. आंबट नसेल तर सोडा नुसत्या उष्णतेने, ८० अंश सेल्सिअसच्या पुढे, वेगाने फुटतो. वायू तेव्हाही मिळतो, पण मागे धुण्याच्या सोड्यासारखा क्षार उरतो. केकला साबणाची चव येते आणि रंग पिवळट होतो, ते याच कारणाने. सोडा वापरायचा तर दही, ताक किंवा लिंबू हवेच.

बेकिंग पावडर म्हणजे सोडा आणि कोरडे आम्ल यांचे मिश्रण. ओल टिपून घ्यायला त्यात स्टार्चही असतो. अल्फ्रेड बर्ड या बर्मिंगहॅमच्या औषधविक्रेत्याने १८४३ साली ती तयार केली. त्याच्या पत्नीला यीस्ट सोसत नसे. तिच्यासाठी काढलेल्या या वाटेमुळे जगभर घरच्या घरी पाव आणि केक करणे सोपे झाले. डब्यातली पावडर जिवंत आहे का ते पाहायला चमचाभर गरम पाण्यात चिमूटभर टाकावी. जोरात फेस आला तर वापरावी, नाहीतर नवी आणावी.

गुळाचा चहा करणाऱ्याला हे रसायन वेगळ्या वाटेने माहीत असते. उकळत्या चहात गूळ आणि दूध एकत्र पडले की दूध फाटते, म्हणून आपण गॅस बंद करून मग गूळ विरघळवतो किंवा दूध शेवटी घालतो. गुळातली थोडी आम्लता आणि क्षार दुधातली प्रथिने साकळवतात. तीच आम्लता केकमध्ये सोड्याला थोडी मदत करते. शिवाय गूळ हवेतली ओल धरून ठेवतो, त्यामुळे गुळाचा केक साखरेच्या केकपेक्षा जास्त वेळ मऊ राहतो. उसाच्या आपल्या पट्ट्यात हिवाळ्यात नवा गूळ येतो. कोमट पाण्यात विरघळवून, गाळून, पूर्ण गार करून तो वापरावा. गाळायला विसरू नये, कारण गुळात चिपाडाचे तंतू असतात.

ज्वारीचा दोष कुठे गुण होतो

गव्हाच्या पिठात ग्लायडिन आणि ग्लुटेनिन ही प्रथिने असतात. पाणी घालून मळले की त्यांची लवचिक जाळी तयार होते. तिला ग्लूटेन म्हणतात. पोळी ताणली जाते आणि पाव फुगून उभा राहतो ते या जाळीमुळे. ज्वारीत ती नाही, म्हणून भाकरी लाटत नाहीत, थापतात. पीठ कढत पाण्यात मळले की स्टार्च फुलून चिकट होतो आणि भाकरी हातावर धरते. पीठ जुने झाले की त्याची विरी जाते आणि भाकरीला चिरा पडतात.

उंच, जाळीदार केकसाठी नुसती ज्वारी म्हणूनच कमी पडते. नानकटाईचे गणित मात्र नेमके उलटे आहे. तिला ताण नको असतो, ती तोंडात विरघळायला हवी असते. मैद्याची नानकटाई करताना सगळा खटाटोप ग्लूटेन तयार होऊ नये यासाठीच असतो: भरपूर तूप घालून पिठाच्या कणांवर थर चढवायचा, पाणी घालायचे नाही, मळायचे नाही. ज्वारीला हे काहीच सोसावे लागत नाही. भाकरीसाठी जो दोष, तो इथे गुण आहे. विरी गेलेले पीठसुद्धा नानकटाईला चालते. मात्र ते खवट झालेले नसावे. वास घेऊन पाहावा.

संयुक्त राष्ट्रांनी २०२३ हे आंतरराष्ट्रीय भरडधान्य वर्ष म्हणून पाळले आणि शहरांतल्या दुकानांत ज्वारीची बिस्किटे महाग वेष्टनांत दिसू लागली. रब्बीची शाळू ज्वारी ज्यांच्या कणगीत आहे त्यांनी ती विकत का आणावी?

*ज्वारीची नानकटाई*

१ वाटी ज्वारीचे पीठ, अर्धी वाटी बेसन, पाऊण वाटी थिजलेले तूप, पाऊण वाटी पिठीसाखर, पाव चमचा बेकिंग पावडर, चिमूटभर मीठ, वेलची किंवा जायफळ.

दोन्ही पिठे बारीक चाळणीने चाळून मंद आचेवर ५ ते ७ मिनिटे परतावीत. कच्चट वास जातो. पिठे पूर्ण गार होऊ द्यावीत. तूप आणि पिठीसाखर हाताने ८ ते १० मिनिटे फेसावी. तूप पांढरे आणि हलके दिसू लागते, कारण त्यात हवेचे सूक्ष्म बुडबुडे अडकतात. भाजताना बेकिंग पावडरचा वायू याच बुडबुड्यांत शिरून त्यांना मोठे करतो, म्हणून ही पायरी गाळू नये. मग उरलेले सगळे घालून गोळा फक्त जमवावा. जमत नसेल तर चमचाभर दूध पुरते. २० मिनिटे झाकून ठेवावे, नंतर लहान गोळे करून हलके चपटे करावेत आणि तूप लावलेल्या ताटलीत सुटे सुटे मांडावेत.

तापलेल्या कढईत मंद आचेवर २० ते २५ मिनिटे लागतात. ओव्हन असेल तर १६० अंशांवर १५ ते १८ मिनिटे. कढईच्या झाकणाला एका बाजूने बारीक फट ठेवावी. नानकटाईला वाफ नको असते आणि ती कोंडली तर नानकटाई मऊ पडते. बूड सोनेरी झाले की काढावी. गरम असताना ती मऊच लागते आणि हात लावला तर मोडते. तूप पुन्हा थिजले की खुसखुशीतपणा येतो, म्हणून ताटलीतच गार होऊ द्यावी.

केजचा उन्हाळा ४० अंशांच्या पुढे जातो. तेव्हा तूप पातळ असते, त्यात हवा धरली जात नाही आणि नानकटाई भाजताना पसरते. तुपाचे भांडे गार पाण्याच्या परातीत ठेवून ते थिजवून घ्यावे, किंवा हे काम भल्या सकाळी करावे.

रव्याचा केक: चुकायला अवघड

पहिल्यांदा केक करणाऱ्याने मैद्याऐवजी रव्यापासून सुरुवात करावी. मैद्याचे मिश्रण जरा जास्त घोटले की ग्लूटेन वाढते आणि केक चिवट होतो. रव्याचे कण जाड, त्यामुळे ती भीती कमी. रव्याची एकच अट आहे: त्याला भिजायला वेळ द्यायचा.

कमलाबाई ओगले यांच्या १९७० साली आलेल्या ‘रुचिरा’ने वाटी आणि चमचा या घरच्याच मापांत पाककृती सांगितल्या, आणि तराजू नसलेल्या घरांत ते पुस्तक पोहोचले. तेच माप इथे वापरू. फक्त एकदा घेतलेली वाटी शेवटपर्यंत बदलू नये, कारण भाजीत अंदाज चालतो, केकमध्ये प्रमाण चालते.

दीड वाटी बारीक रवा, १ वाटी ताजे दही, १ वाटी साखर आणि अर्धी वाटी तेल किंवा पातळ तूप एकत्र करून अर्धा तास झाकून ठेवावे. रवा फुलून मिश्रण घट्ट होते. मग अर्धी वाटी दूध लागेल तसे घालून इडलीच्या पिठाइतके सैल करावे. आता भांड्याला तूप लावून पीठ भुरभुरावे आणि कढई तापत ठेवावी. ही तयारी झाल्यावरच पाऊण चहाचा चमचा बेकिंग पावडर आणि पाव चमचा सोडा घालून एका दिशेने हलके ढवळावे आणि लगेच भांड्यात ओतावे. दह्याला सोडा भेटला की वायू सुटायला लागतो. मिश्रण तसेच ठेवले तर तो भांड्यात जाण्याआधीच निघून जातो. भांडे अर्ध्याहून थोडे जास्तच भरावे, काठोकाठ नाही. मंद आचेवर ४० ते ४५ मिनिटे लागतात. ओव्हनमध्ये १८० अंशांवर ३५ ते ४० मिनिटे.

साखरेऐवजी पाऊण वाटी गूळ आणि सुंठ घातली तर हिवाळ्यातल्या चहाला शोभणारा केक होतो. गूळ विरघळवायला घेतलेले पाणी दुधातून वजा करावे. उन्हाळ्यात अर्धी वाटी आंब्याचा रस घालून तेवढे दूध कमी करावे. केक पूर्ण गार झाल्याशिवाय कापू नये. गरम केकमधला स्टार्च अजून घट्ट होत असतो आणि सुरी लागली की त्याचा भुगा होतो.

जे भाजायचे नाही

बालाघाटच्या डोंगररांगेत सीताफळाची झाडे पिढ्यान्‌पिढ्या आहेत. बीडच्या सीताफळाला भौगोलिक मानांकन मिळालेले आहे आणि केजच्या शेजारी अंबाजोगाईला सीताफळ संशोधन केंद्र आहे. मग सीताफळाचा केक का करू नये? कारण हा गर जास्त तापला की कडवटपणा धरतो. ज्या फळाला इतका सुगंध आहे त्याला आचेपासून दूर ठेवणे हाच त्याचा मान.

१ लिटर दूध आटवून निम्मे करावे, ३ ते ४ चमचे साखर घालावी, पूर्ण गार करावे आणि मगच वाटीभर गर मिसळावा. गर काढताना चाळणीवर हाताने घासावा. मिक्सरमध्ये बियांसकट फिरवू नये. सीताफळाच्या बिया विषारी असतात, त्या फुटून पदार्थात जाता कामा नयेत. थंड केलेली ही बासुंदी नानकटाईबरोबर वाढावी.

गाय-म्हैस व्याली की ज्या घरात खरवस होतो, त्या घराला पुडिंगही परके नाही. चिकातली प्रथिने वाफेच्या सौम्य उष्णतेने गोठतात आणि वडी पडते. त्याच धर्तीवर चक्का आणि कंडेन्स्ड मिल्क सम प्रमाणात फेटून, वेलची-केशर घालून, झाकलेल्या वाट्यांत २० ते २५ मिनिटे वाफवावे. पाणी खळखळू देऊ नये. उष्णता जास्त झाली की प्रथिने आवळतात आणि पाणी सुटते. गार झाल्यावर मुलांना चमच्याने खायला याहून सोपा गोड पदार्थ नाही.

टिकाऊपणा आणि तब्येत

नानकटाईत पाणी जवळजवळ नसते, म्हणून घट्ट झाकणाच्या डब्यात ती दोन आठवडे सहज राहते. केकमध्ये दही-दूध असते. उन्हाळ्यात तो दुसऱ्या दिवसापर्यंत संपवावा किंवा फ्रिजमध्ये ठेवावा.

घरी भाजण्याचा मोठा फायदा म्हणजे आत काय आहे हे माहीत असते. खाद्यतेले आणि वनस्पती तूप यांतील ट्रान्स फॅटवर भारतात २०२२ पासून २ टक्क्यांची मर्यादा आहे. घरी मात्र तूप कोणते आणि किती हे आपल्या हाती राहते. ज्वारीची आहे म्हणून नानकटाई मधुमेहाला मोकळी, असा समज करून घेऊ नये. तिच्यात साखर आणि तूप भरपूर आहे, म्हणून एक-दोनवर थांबावे. ज्यांना गव्हाचा त्रास आहे, सिलिअ‍ॅक आजार आहे, त्यांनी रव्याचा केक टाळावा, कारण रवा गव्हाचाच असतो. त्यांच्यासाठी ज्वारी आणि बेसनही गिरणीतून आणताना काळजी घ्यावी. गहू दळल्यावर लगेच तीच गिरणी ज्वारी दळते आणि थोडे गव्हाचे पीठ त्यात येते. अशा घरात घरघंटी असेल तर ती फक्त ग्लूटेन नसलेल्या धान्यांसाठी राखून ठेवावी.

पहिल्या खेपेला रव्याचा केक करावा, दुसऱ्या खेपेला ज्वारीची नानकटाई, आणि मुलांना सोबत घ्यावे. दह्यात सोडा पडल्यावर येणारा फेस, तूप फेसताना बदलणारा रंग, फुगणारा केक: शाळेच्या पुस्तकातले आम्ल, क्षार आणि वायू त्यांना ओट्यावर दिसतील. ज्वारी, गूळ आणि सीताफळ पिकवणाऱ्या तालुक्याने चहाबरोबरचा गोड घास दुसरीकडून विकत आणत राहावे, याला आता कारण उरलेले नाही.